हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

नखे काढण्याचे काम पूर्वी गावोगावी नाभिकाच्या धोकटीतील नराणीने होत असे. आष्टा, इस्लामपूर, सांगली या पट्ट्यात आज तेच काम सलून आणि ब्यूटी पार्लरमध्ये होते. नराणीची जागा निपर, कात्री, पुशर आणि कानशीने घेतली. पाय बुडवायला कोमट पाण्याचे टब आले. धोका मात्र जुनाच राहिला. एकाच्या बोटाला लागलेले हत्यार काही वेळाने दुसऱ्याच्या बोटाला लागते आणि मधल्या काळात त्या हत्याराचे काय झाले, हे ग्राहकाला दिसत नाही. या मधल्या काळातील निष्काळजीपणा किती महागात पडू शकतो, याचा दाखला एका थोर शास्त्रज्ञाच्या आयुष्यात सापडतो. त्याचे नाव परळच्या संस्थेमुळे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यावर आलेले किटाळ मात्र फारसे कोणाला आठवत नाही. हा शास्त्रज्ञ म्हणजे वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. झारशाहीविरोधी तरुणांच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला, ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी ते संरक्षक दलात उतरले आणि त्यापायी त्यांना अटकही झाली. गुणवत्ता असूनही ज्यू असल्यामुळे विद्यापीठातील अध्यापकपदाची वाट त्यांना बंद होती. १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि तेथे प्रथम ग्रंथालयातील साधी जागा स्वीकारली. फावल्या वेळात मिळणारी प्रयोगशाळा त्यांना पुरेशी होती.

त्या काळी पटकीच्या साथी युरोप आणि आशियाला जेरीस आणत होत्या. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. लस प्रथम स्वतःवर आजमावायची, हा त्यांचा पुढेही नेम राहिला. युरोपात या प्रयोगाकडे साशंकतेने पाहिले गेले. पटकीचे खरे माहेरघर भारत होते आणि लसीची कसोटीही येथेच लागणार होती. १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगालमधील वस्त्या आणि आसामचे चहामळे पालथे घातले व सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. लोकांच्या मनात संशय होता, विरोधही होता. अखेर हिवतापाने ते स्वतः खचले आणि विश्रांतीसाठी इंग्लंडला गेले. १८९६ मध्ये ते परतले, ते एका नव्या संकटाला सामोरे जाण्यासाठीच.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाले ते एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी अहोरात्र काम करून तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांच्या आधाराने जंतू वाढवायचे, नंतर उष्णता देऊन ते मारायचे आणि मृत जंतूंची लस टोचायची, अशी ही पद्धत होती. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी अधिक लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण लस निर्धोक असल्याची त्यांची खात्री पटली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि तिचा गुण दिसून आला.

प्लेग मुंबईत थांबला नाही. रेल्वेच्या आणि बाजाराच्या वाटेने तो पुणे, सातारा, बेळगाव, धारवाडपर्यंत पसरला. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड याच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. सक्तीची झडती, घरांची नासधूस आणि स्त्रियांची विटंबना यांमुळे सरकारी उपायांबद्दल लोकांत चीड होती. आष्टा तेव्हा सातारा जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात मोडत असे. सांगली जिल्ह्याचा प्रदेश दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला तो १९४९ मध्ये. साताऱ्याला प्लेगची झळ तीव्र बसली होती. उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हाच त्या काळच्या माणसांच्या हातातला उपाय होता.

अशा वातावरणात हाफकिन यांनी सक्तीऐवजी समजुतीचा मार्ग धरला. आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि आपल्या खोजा अनुयायांनाही ती घ्यायला लावली. १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना लस दिली. पुढे प्लेग शिरलेल्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ जण मरण पावले. एकाच छपराखालच्या माणसांतील ही तफावत बोलकी होती. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

मलकोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले आणि लसीची मागणी अनेक पटींनी वाढली. उत्पादन वेगाने व्हावे म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. लसीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याऐवजी केवळ उष्णतेने ती निर्जंतुक करण्यावर भर दिला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच रीत रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि एकही वाचला नाही. हे सर्व १९ जण ५३-एन या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. उरलेल्या ८८ जणांना काहीच झाले नाही. ती बाटली ४१ दिवसांपूर्वी मुंबईत भरलेली होती.

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. बाटली गावात उघडण्यापूर्वीच दूषित झाली असावी, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका साहजिकच हाफकिन यांच्यावर आला. संचालकपद गेले, वेतनाविना रजेवर जावे लागले आणि लाखो लोकांच्या प्राणरक्षणाचे श्रेय असलेला हा माणूस इंग्लंडमध्ये आपल्या निर्दोषत्वाची कागदपत्रे गोळा करीत राहिला. परका, ज्यू आणि वैद्यकीय पदवी नसलेला असल्यामुळे त्याच्या बाजूने उभे राहणारेही थोडेच होते. फ्रान्समधील ड्रायफस प्रकरणाशी या अन्यायाची तुलना पुढे अनेकांनी केली.

सत्य त्याच चौकशीच्या कागदपत्रांत दडलेले होते. मलकोवालला ५३-एन बाटलीचे बूच काढण्याच्या वेळी साहाय्यकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेतला गेला नाही. कार्बोलिकच्या पाण्यात केवळ बुचकळून त्यानेच बाटली उघडण्यात आली. धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात बीजाणूंच्या रूपाने वर्षानुवर्षे टिकतात. त्यांचे कवच इतके चिवट असते की जंतुनाशकात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. चिमट्याला लागलेली चिमूटभर माती १९ जणांचा जीव घेण्यास पुरेशी होती.

मलेरियाच्या संशोधनासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले. बाटली मुंबईतच दूषित झाली असती तर ४१ दिवसांत जंतू वाढून तिला उग्र दुर्गंधी सुटली असती, पण उघडताना तसा वास आला नव्हता. आणि लक्षणे दिसायला लागलेला अवधी अगदी थोड्या जंतूंचा शिरकाव झाल्याचे सुचवत होता, असा युक्तिवाद पुढे आला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि अन्य नामवंत शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. नोव्हेंबरमध्ये हाफकिन यांच्यावरील आरोप मागे घेण्यात आला.

न्याय मिळाला, पण उशिरा. हाफकिन कोलकात्याला परतले, तेथे त्यांना प्रयोगशाळा मिळाली. मात्र पूर्वीची मोकळीक आणि परळचे पद पुन्हा लाभले नाही. नोकरीतून निवृत्त होऊन ते युरोपात परतले. उत्तरायुष्यात त्यांचा ओढा धर्माकडे वाढला आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्येच, त्यांच्या हयातीत, देण्यात आले होते. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. मात्र मलकोवालनंतर लसीवरील लोकांचा विश्वास ढासळला होता. भारतात प्लेगने एकूण एक कोटीहून अधिक बळी घेतले. लसीला घाबरून दूर राहिलेल्यांपैकी किती जण त्यात गेले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

सलूनच्या टेबलावर

मलकोवालचा धडा रुग्णालयांनी आत्मसात केला. जेथे त्वचा सोलली जाते, कडा कापल्या जातात आणि कधी रक्ताचा थेंबही येतो, त्या सलून-पार्लरलाही तो तंतोतंत लागू पडतो.

हत्यार पुसणे, ते जंतुनाशकात बुडवणे आणि ते निर्जंतुक करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी साबण-पाण्याने ब्रशने घासून मळ काढावा लागतो. मळ राहिला तर औषध आतपर्यंत पोहोचत नाही. त्यानंतर जंतुनाशकात ठेवायचे तर त्याच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ ठेवले पाहिजे. धनुर्वातासारख्या जंतूंच्या बीजाणूंना साधी उकळीही खात्रीने मारत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्हमधील दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे, हाच भरवशाचा उपाय होय. निळ्या प्रकाशाच्या पेटीत हत्यार ठेवल्याने ते निर्जंतुक होतेच असे नाही, कारण प्रकाश पोहोचत नाही त्या सांध्यात आणि खाचेत जंतू तसेच राहतात. कागदी कानस आणि लाकडी काडी नीट धुता येत नाही. ती एका ग्राहकानंतर टाकूनच द्यावी लागते. हिपॅटायटिस-बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो.

पाय बुडवण्याच्या टबाकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. २००० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील वॉट्सनव्हिल येथे एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर चिवट गळवे उठली. टबातील पाणी फिरवणाऱ्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता आणि त्यात मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढले होते. टब वरून स्वच्छ दिसत होते.

जबाबदारी दोन्ही बाजूंची आहे. व्यावसायिकाने हत्यारांचे किमान दोन संच ठेवावेत, म्हणजे गर्दीच्या दिवशीही एक संच निर्जंतुक होत असताना दुसरा वापरता येतो. खाली पडलेले हत्यार त्या दिवशी पुन्हा टेबलावर न घेता बाजूला काढावे. नखाच्या मुळाशी असलेली त्वचा कापू नये, कारण तीच जंतूंना अडवते. ग्राहकाने पायाला जखम असताना किंवा पाय नुकतेच दाढी-वॅक्सिंगसारख्या उपायांनी साफ केलेले असताना टबात पाय घालू नयेत. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. हाफकिन यांच्या वेळी धनुर्वाताची लस नव्हती. आज ती सरकारी आरोग्य केंद्रांत मिळते आणि ती वेळेवर घेतलेली असणे कारागीर व ग्राहक दोघांच्याही हिताचे आहे.

मलकोवालची चूक कोठे झाली याचा माग लागला, तो बाटलीवर क्रमांक होता म्हणून. आष्ट्यातील असो वा मुंबईतील, ज्या सलूनमध्ये कोणता संच केव्हा निर्जंतुक केला याची साधी नोंदवही असते, तेथे ग्राहकाला विचारण्याची आणि मालकाला उत्तर देण्याची सोय असते. ही वही ठेवायला फारसा खर्च येत नाही.