वांग माओयिन : नोटेमागचा विश्वास ओळखणारा अधिकारी

कागदाच्या तुकड्याला किंमत येते कुठून, असं एखादं मूल कधीतरी विचारतंच. तेव्हा त्याला वांग माओयिन यांची गोष्ट जरूर सांगा.

वांग यांचा जन्म १७९८ साली चीनच्या आन्ह्वेइ प्रांतात झाला. घरात चहाचा व्यापार. अशा घरात पेढीची पत म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. १८३२ साली ते राज्याची सर्वांत अवघड परीक्षा पास झाले आणि बीजिंगला महसूल खात्यात लागले.

१८५१ साली ताइपिंग बंड पेटलं. फौजेचा खर्च वाढत गेला, खजिना आटला. तेव्हा वांग यांनी कागदी नोटा काढण्याची योजना बादशहापुढे ठेवली. पण त्यांची एक अट होती. नोटा १ कोटी ताएल चांदीच्या वर छापायच्या नाहीत, आणि पेढीवर नेल्या की त्यांची चांदी मिळाली पाहिजे. कारण आधीच्या राजवटींनी भरमसाट नोटा छापल्या आणि त्या शेवटी कवडीमोल झाल्या, हे त्यांना माहीत होतं.

१८५३ साली दरबाराने नोटा काढल्या खऱ्या, पण ही अट बाजूला ठेवून! नोटेच्या बदल्यात चांदी मिळेना. सैनिकांना पगारात नोटा मिळायच्या आणि दुकानदार त्या घ्यायला कचरायचे.

वांग तोपर्यंत खात्याचे उपमंत्री झाले होते. गप्प बसले असते तर खुर्ची टिकली असती. पण १८५४ साली त्यांनी पुन्हा अर्ज केला, की नोटा बदलून द्या, तरच लोक त्या घेतील. शियानफंग बादशहा संतापला. हा फक्त व्यापाऱ्यांचं हित बघतो, असा ठपका ठेवून त्यांना युद्ध खात्यात पाठवलं.

पुढे झालं तेच, ज्याची त्यांना भीती होती. नोटांचा भाव घसरत गेला आणि काही वर्षांत त्या बंद कराव्या लागल्या.

१८६५ साली वांग वारले. दोनच वर्षांनी कार्ल मार्क्स यांच्या 'भांडवल' या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यातल्या एका तळटीपेत या चिनी अधिकाऱ्याचं नाव आहे.

मुलांना एवढंच सांगा, नोट कागदाची असली तरी ती चालते दिलेल्या शब्दावर. आणि तो शब्द पाळा, असं राजालाही सांगणारा माणूस लागतो.