शिवरायांचे जासूद : बहिर्जी नाईक

बहिर्जी नाईकांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे लगेच वेषांतरे उभी राहतात. फकीर, गोंधळी, वासुदेव, भिकारी. शाळेच्या स्नेहसंमेलनात बहिर्जींचे काम मिळालेल्या मुलाचा अर्धा वेळ तर दाढीमिशा चिकटवण्यातच जातो. मित्रहो, या वेषांतरांवर माझा राग नाही. पण त्यांच्या गर्दीत खरा माणूस हरवतो, असे मला वाटते. शिवरायांच्या निधनानंतर काही वर्षांनी कृष्णाजी अनंत सभासदाने जी बखर लिहिली, तिच्यात बहिर्जी अगदी थोड्या जागी भेटतात. परंतु जेथे भेटतात तेथे एक तर स्वराज्याची तिजोरी रिकामी असते, नाहीतर महाराजांचा जीव धोक्यात असतो.

बखरीत त्यांचे आडनाव जाधव असे येते, लोक मात्र नाईक म्हणतात. परंपरा त्यांना रामोशी समाजातील मानते आणि रामोशांच्या पुढाऱ्याला नाईक म्हणण्याची चाल आहेच. गावाची राखण करणे, चोराच्या पावलांचा माग काढणे हे या समाजाचे पिढीजात काम. माझ्या आजोबांना सही येत नाही, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तरीही पाऊस पडून गेल्यावर जंगलातल्या वाटेवरून कोण गेले, जनावर होते की माणूस, ओझे घेऊन की मोकळ्या हाताने, हे ते चिखल पाहून सांगतात. बहिर्जींची विद्या बहुधा याच जातीची असावी. ती वहीत उतरत नाही, म्हणून इतिहासात तिला जागा कमी मिळाली.

सुरतेची हकिगत आपल्याला जवळची आहे. आपल्या विसरवाडीवरून आजही रात्रंदिवस ट्रक सुरतेकडे धावतात आणि आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी त्याच दिशेला जातात. सतराव्या शतकातही सुरत ते बऱ्हाणपूर हा व्यापाराचा मोठा मार्ग नवापूर आणि नंदुरबारवरून जात होता. टॅव्हर्नियर नावाचा फ्रेंच व्यापारी या मार्गाने गेला, तेव्हा त्याने नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाची आठवण लिहून ठेवली. (आपल्या तालुक्याची एवढी जुनी स्तुती मी तरी दुसरी वाचलेली नाही.) मोगलांचा बराचसा समुद्री व्यापार सुरतेत गोळा होई. वीरजी व्होरा, हाजी सैद बेग यांच्यासारखे गडगंज सावकार तेथे राहत.

शाएस्तेखान तीन वर्षे पुण्यात तळ देऊन बसला होता. मुलूख उजाड झाला होता, सैन्याला पैसा हवा होता. अशा वेळी सुरत मारली तर अगणित द्रव्य सापडेल, ही खबर बहिर्जींनी आणली, असे बखर सांगते. सुरतेत श्रीमंती आहे हे तर सर्वांनाच ठाऊक होते. त्यासाठी जासुदाची गरज नव्हती. ठाऊक नव्हते ते हे, की एवढ्या धनाड्य शहराला धड दगडी तट नाही, आणि सुभेदार इनायतखानाची शिबंदी कागदावर मोठी असली तरी प्रत्यक्षात तोकडी आहे. माझ्या मते बहिर्जींच्या खबरीचे मोल येथे होते. 6 जानेवारी 1664 रोजी महाराज सुरतेवर आले. इनायतखान लढायला बाहेर न पडता किल्ल्यात जाऊन बसला. 10 तारखेपर्यंत मराठे शहरात होते. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी राखून बसले, व्होरा आणि बेग यांचे वाडे मात्र धुऊन निघाले. शहरात आगीही लागल्या आणि त्यांत गरिबांची घरेही जळाली. आपण ही हकिगत अभिमानाने सांगतो तेव्हा तेवढे वाक्य गाळू नये.

शत्रू ओळखण्याची ही रीत पुढेही बदललेली दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ओबरउर्सेल येथे हान्स शार्फ नावाचा सैनिक पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करी. तो मारझोड करीत नसे. कैद्याला बरोबर घेऊन रानात फिरायला जाई, गप्पा मारी. त्या वैमानिकाच्या तुकडीची बारीकसारीक माहिती त्याने अगोदरच जमवलेली असे. याला सारे ठाऊकच आहे, असे वाटून कैदी उरलेलेही बोलून जाई. तीनशे वर्षांचे आणि विमानाचे अंतर सोडले, तर बाजारात ओट्यावर बसून ऐकणाऱ्या जासुदाहून हा माणूस मला फारसा वेगळा वाटत नाही.

बहिर्जींची मला सर्वांत आवडणारी हकिगत सुरतेची नाही, ती परतीच्या वाटेची आहे. नोव्हेंबर 1679 मध्ये महाराजांनी जालना लुटले. लुटीच्या ओझ्याने फौज संथ झाली होती. संगमनेरच्या बाजूला मोगलांनी तिला गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले आणि मागून मोगलांची आणखी कुमक येत होती. स्वतः छत्रपती कोंडीत सापडावेत, असा प्रसंग. तेव्हा बहिर्जींनी वाट दाखवण्याचे पत्करले. रात्रंदिवस चालत, आडरानातून, डोंगरांच्या कुशीतून त्यांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. तीन दिवस ही चाल चालली होती. वेषांतर येथे काय कामाचे? येथे कामाला आल्या त्या वाटा, आणि त्या एका दिवसात शिकता येत नाहीत. अगोदर कितीतरी वेळा, कोणी न सांगता, ते त्या खिंडींतून पायी हिंडले असले पाहिजेत.

पट्ट्यावर महाराजांनी काही दिवस विसावा घेतला आणि गडाचे नाव विश्रामगड ठेवले. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात तो आहे. त्यानंतर साडेचार महिन्यांनी, 3 एप्रिल 1680 रोजी, रायगडावर महाराजांचे निधन झाले. बहिर्जींची समाधी सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर, म्हणजे जुन्या भूपाळगडावर, दाखवतात.