पाणी कशाने बाटते?

1899 सालचा कार्तिक महिना. शाहू महाराज पहाटे पंचगंगेच्या घाटावर स्नानाला उतरले होते. मंत्र म्हणणारा भटजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांच्या ध्यानात आले. शिवाय तो स्वतः पारोसाच आला होता. छत्रपती झाले तरी शूद्रच, त्यांच्यासाठी आपण आंघोळ कशाला करायची, असा त्याचा हिशेब! यातून पेटलेल्या वेदोक्त प्रकरणावर भरपूर लिहिले गेले आहे. मला मात्र महाराजांचे सारे आयुष्यच पाण्याच्या काठाने वाचावेसे वाटते.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेला यशवंतराव 1884 साली दत्तक होऊन शाहू छत्रपती झाला. 1894 मध्ये हाती कारभार आला आणि दोनच वर्षांत दुष्काळ. विहिरी-तळ्यांतला गाळ उपसला गेला, स्वस्त धान्याची दुकाने निघाली, कामावर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी सांभाळगृहे उघडली. 1902 साली संस्थानाचे पाटबंधाऱ्याचे धोरण ठरले आणि पुढे भोगावतीवर फेजिवड्याजवळ धरण बांधायला घेतले. तिथे वसवलेल्या गावाला लेकीचे नाव दिले, राधानगरी. कर्जाच्या फायली तपासण्यात माझी उमेद गेली. एवढ्याशा संस्थानाने असा प्रस्ताव आणला असता, तर आमच्यासारख्याने त्यावर नक्कीच लाल शेरा मारला असता. 1918 मध्ये पैशाअभावी काम थांबलेही. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर. आज पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की खालचा सारा जिल्हा कान टवकारतो.

पण धरणात पाणी साठले म्हणून ते सगळ्यांच्या ओंजळीत येते असे नाही. पागेत चाकरी करणाऱ्या गंगाराम कांबळ्यांनी सवर्णांच्या हौदाला हात लावला, म्हणून त्यांना फोडून काढले. महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर सोनतळीला गंगारामांनी पाठीवरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना महाराजांनी शिक्षा केली, पण तेवढ्यावर भागवले नाही. गंगारामांना भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढायला लावले, सोड्याचे यंत्रही घेऊन दिले. फेरफटक्याला निघाले की बग्गी तिथे थांबवायची, स्वतः चहा घ्यायचा आणि बरोबरच्या सरदार-ब्राह्मणांनाही पाजायचा, हा नेम. ज्याच्या हाताने हौद बाटला, त्याच्याच हातचे पाणी सारा दरबार पिऊ लागला! 1919 साली तर सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा येथे शिवाशिव पाळू नये, असा हुकूमच निघाला.

6 मे 1922 रोजी महाराज मुंबईत वारले. वय अवघे सत्तेचाळीस. अंत्यसंस्कार कोल्हापुरात पंचगंगेच्या काठीच झाले.

तीच पंचगंगा आज खरोखरच बाटली आहे, आणि हा विटाळ प्रयोगशाळेत मोजता येतो. शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून नदीत येते, पुढे मळी आणि कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे पाणी मिसळते. ही घाण खाणारे सूक्ष्मजंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात, मग मासे गुदमरतात. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच कित्येकदा पडला आहे. 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसे दगावली. कोल्हापूरकरांच्या नळाला 2023 च्या दिवाळीपासून काळम्मावाडीचे पाणी येऊ लागले, थेट जलवाहिनीतून. त्यासाठी आपण कितीतरी वर्षे भांडलो. नदीकाठच्या खालच्या गावांना मात्र अशी जलवाहिनी नाही. तिथे वरून जे येते, तेच बंधाऱ्यात अडते.