रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर

विद्यार्थ्यांनो, नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या आठ जाती तुम्ही घोकून पाठ करिता. त्या मराठी शाळांत रूढ करणाऱ्या पुरुषाचा परिचय येथे करून देत आहो.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईस झाला. तेथे इंग्रजी शिकत असता लिंडले मरे यांचे व्याकरण त्यांच्या हाती आले. मरे जन्माने अमेरिकन, व्यवसायाने वकील. यॉर्क येथील एका कन्याशाळेकरिता त्यांनी १७९५ मध्ये ते पुस्तक रचिले. दोन नकार एकत्र योजू नयेत, हा त्यातील नियम त्यांनी बिशप लाउथ यांच्यापासून घेतला. शेक्सपिअरने तो पाळिलेला नाही! तथापि एका शाळेपुरते लिहिलेले हे पुस्तक लक्षावधी प्रतींनी जगभर गेले, आणि इंग्लंडातीलच शेतकऱ्यांची बोली त्यामुळे अशुद्ध ठरली.

मराठीसही असे व्याकरण असावे या तळमळीने दादोबांनी अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. साचा इंग्रजीच. मरे नऊ शब्दजाती मानीत. मराठीस आर्टिकल नाही, ते वगळता राहतात त्या आठ. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणाची कसून चिकित्सा केली. स्वतः दादोबांनीही पुढील आवृत्त्यांत पुष्कळ फेरफार केले. आपले नियम अचल आहेत असे ते मानीत नसत. शाळांनी मात्र तसे मानिले.

सुरतेस शिक्षक असता १८४४ मध्ये मानवधर्मसभा, व नंतर मुंबईस परमहंससभा स्थापण्यात ते अग्रेसर होते. जातिभेद मोडणे हा या सभांचा हेतू. पुढे ते अहमदनगरास डेप्युटी कलेक्टर झाले. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी यशोदापांडुरंगी ही टीका लिहिली. १८८२ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

माणसांतील उच्चनीचता ज्यांस खपली नाही, त्यांच्याच ग्रंथाच्या आधारे बोलीबोलींत उच्चनीचता मानिली जावी, याचे आम्हास वाईट वाटते. आमच्या पनवेलकडील आगरी घरचा मुलगा डोळ्यास डोला व पाण्यास पानी म्हणतो. त्याच्या आईचीही तीच भाषा. आम्ही त्याच्या वहीत तांबडी रेघ ओढितो. १९६२ च्या नियमांनी आमच्या वडील शिक्षकांचे कित्येक अनुस्वार एका दिवसात अनावश्यक ठरविले; परंतु त्या अनुस्वारांपायी मार खाल्लेल्या मुलांचे गुण कोणी परत दिले नाहीत.