ग्रॅहम ग्रीन : परक्याची साक्ष

परक्या देशातील जुलमी राजवटीत सापडलेला माणूस हा ग्रॅहम ग्रीन यांच्या कादंबरीविश्वातील एक मध्यवर्ती विषय होय. त्याची मुळे त्यांच्या बालपणात शोधता येतात. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी इंग्लंडमधील बर्कमस्टेड येथे झाला. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. वडिलांविषयीची निष्ठा आणि सहाध्यायांविषयीची निष्ठा यांच्या कात्रीत हा मुलगा सापडला. दोन्ही पक्षांत तो काहीसा उपराच राहिला. ही यातना इतकी तीव्र होती की सोळाव्या वर्षी त्याला मनोविश्लेषणाच्या उपचारांसाठी लंडनला पाठवावे लागले.

ऑक्सफर्डमधील शिक्षण, १९२६ मधील कॅथलिक पंथाचा स्वीकार, ‘टाइम्स’मधील उपसंपादकाची नोकरी आणि १९२९ मधील पहिली कादंबरी हे पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक घटना महत्त्वाची वाटेल. आर. के. नारायण यांच्या पहिल्या कादंबरीला इंग्लंडमध्ये प्रकाशक मिळत नव्हता. ग्रीन यांच्या शिफारशीमुळे ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. एखाद्या प्रदेशाविषयी त्या प्रदेशातील लेखकाने लिहिलेल्या साहित्याचे मोल ते जाणत होते. स्वतः मात्र ते आयुष्यभर परक्यांच्या प्रदेशांविषयी लिहीत राहिले : मेक्सिको, सिएरा लिओन, व्हिएतनाम, क्यूबा आणि अखेरीस हैती.

हैतीला ते १९५० च्या दशकात प्रथम गेले, तेव्हा तो देश त्यांना मोहक वाटला होता. १९५७ साली फ्रांस्वा दुवालिए हा पेशाने डॉक्टर असलेला गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाला. लोककथेतील मुले पळवणाऱ्या बागुलबुवाचे नाव ज्यांना लोकांनी दिले, त्या ‘तोंतों माकूत’ नामक सशस्त्र टोळ्यांच्या बळावर त्याने दहशत बसवली, आणि १९६४ साली स्वतःला तहहयात अध्यक्ष घोषित केले. १९६३ साली ग्रीन पुन्हा तेथे गेले ते या राजवटीत. त्या अनुभवातून ‘द कॉमेडियन्स’ ही कादंबरी १९६६ साली अवतरली.

ब्राऊन, स्मिथ आणि जोन्स हे तिघे परके एकाच जहाजातून राजधानीत उतरतात. ब्राऊन हा ओस पडलेल्या हॉटेलाचा मालक. स्मिथ हा शाकाहाराचा भाबडा अमेरिकन प्रचारक. जोन्स हा युद्धातील पराक्रमाच्या थापा मारणारा तोतया. शीर्षकातील शब्दाचा अर्थ विदूषक असा नसून सोंग वठवणारा नट असा घ्यावयाचा. हॉटेलाच्या कोरड्या तलावात एका पदच्युत मंत्र्याचे प्रेत सापडते, तेव्हा आपल्यावर बालंट येऊ नये म्हणून ब्राऊन ते हलवण्याच्या खटपटीस लागतो. पुढे माकूत त्या मंत्र्याची शवपेटीच पळवून नेतात. हा प्रसंग अतिरंजित नव्हे : १९५७ च्या निवडणुकीतील उमेदवार क्लेमां ज्यूमेल यांचे शव १९५९ साली अंत्ययात्रेतून असेच हिरावून नेण्यात आले होते.

या कादंबरीचे खरे सामर्थ्य दहशतीच्या वर्णनात नाही. परक्याला देश सोडून जाता येते, हे तिने परक्यावरचे आरोपपत्र बनवले आहे. स्मिथ निघून जातो, ब्राऊन सीमा ओलांडून सांतो दोमिंगोत अंत्यविधीच्या धंद्यात शिरतो. डॉक्टर माझिओ मात्र मायदेशी राहतो आणि मारला जातो. तोतया जोन्स तेवढा आपले सोंग मरणापर्यंत निभावून खरा ठरतो.

हा आरोप ग्रीन यांनाही लागू पडतो. ते परत येऊ शकले. हैतीचे कादंबरीकार झाक स्तेफां अलेक्सी १९६१ साली राजवटीविरुद्ध लढण्यासाठी गुप्तपणे मायदेशी परतले आणि मारले गेले. मारी शोवे यांची कादंबरीत्रयी १९६८ साली पॅरिसमध्ये निघाली आणि लेखिकेला देश सोडावा लागला. त्याच वर्षी दुवालिएच्या परराष्ट्र खात्याने ग्रीन यांची निंदा करणारी पुस्तिका काढली. एकाच सत्तेने परक्या लेखकाला पुस्तिकेने उत्तर दिले, स्वकीयाला मृत्यूने. म्हणूनच ग्रीन यांची साक्ष मोलाची असली तरी ती अलेक्सी व शोवे यांच्या साहित्याशेजारी ठेवूनच वाचली पाहिजे.

दुवालिए १९७१ साली मरण पावला. त्याच्या मुलाची सत्ता १९८६ साली कोसळली. हे पाहण्यास ग्रीन हयात होते. ३ एप्रिल १९९१ रोजी स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे, मायदेशापासून दूर, त्यांचे निधन झाले.