केडगावच्या विहिरी आणि पंडिता रमाबाई

सुट्टीला घरी जाताना आमची उद्यान एक्सप्रेस दौंड सोडते आणि पुण्याच्या आधी केडगाव हे लहान स्टेशन लागते. ती पाटी मी अनेकदा पाहिली होती. तिथे पंडिता रमाबाईंनी काय उभे केले, हे मला या वर्षी कळले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी झाला, तोही आपल्या कर्नाटकातच, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा विरोध झाला आणि ते रानात आश्रम करून राहिले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरले. दुष्काळात अन्नावाचून आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली, पण उपाशी दिवस त्या कधी विसरल्या नाहीत.

1880 मध्ये भाऊ गेला आणि 1882 मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. पदरी लहान मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर 1889 मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, ते पुढच्याच वर्षी पुण्याला नेले.

अमेरिकेतील मित्रांनी मदतीचे वचन दहाच वर्षांसाठी दिले होते. पुढे काय? रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. फळे विकून संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, असा हिशोब होता.

झाडे अजून लहान होती, तोच 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. रस्त्याकडेची उपाशी मुले पाहून त्यांना स्वतःचे बालपण आठवले. त्यांनी शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर न्यावे लागले. सुरुवातीला तिथे पक्की घरेही नव्हती. पुढे तिथेच मुक्ती सदन उभे राहिले.

1900 च्या दुष्काळात तिथे सुमारे एकोणीसशे माणसे होती, शिवाय गुरे आणि भाजीचा मळा. दोन विहिरी दिवसभरात रिकाम्या होत आणि सकाळी पुन्हा पाणी येई, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांना ती देवाची कृपा वाटे. पण प्रार्थना करून त्या हात जोडून बसल्या नाहीत. विहिरी आधी खणून घेतल्या होत्या, मळा राखला होता.

मुक्तीतल्या मुली शेतात राबत, विणकाम करत, तेल काढत, छापखाना चालवत. अंध मुलींनाही शिक्षण आणि काम होते. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो, ते मशागत करायला आणि ती राखायला. म्हणजे माणूस बागेचा मालक नाही, राखणदार आहे. मला वाटते, केडगावला हीच शिकवण कुदळ आणि मोट यांच्या रूपात दिसत होती. ज्या मुलींना जगाने ओझे मानले, त्या इतरांना जेवू घालू लागल्या. चारित्र्य घडते ते असे.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी त्यांनी काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले.

आता माझी चूक सांगतो. 2024 च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत पाण्याची टंचाई होती. एका सकाळी पी.टी.ला उशीर झाला म्हणून मी नळ तसाच चालू ठेवून पळालो. परत आलो तेव्हा टाकी रिकामी होती आणि ज्युनिअर कॅडेट कोरड्या बादल्या घेऊन उभे होते. कोणी मला काही बोलले नाही. मीही तेव्हा कबूल केले नाही. आज या पानावर करतो.

आपण सीमेचे रक्षण करायला शिकतो. पण ज्याला एक नळ राखता येत नाही, त्याच्या हाती चौकी कोण देईल? यापुढे केडगावची पाटी दिसली की मला त्या दोन विहिरी आठवतील.

— एक कॅडेट, इयत्ता 10 वी