सर्पगंधेच्या मुळानं ब्लड प्रेशर कसं उतरलं? मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांची गोष्ट

एप्रिल 1945. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्यांचं ब्लड प्रेशर खूप वाढलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, पण ते आटोक्यात ठेवेल अशी चांगली गोळीच तेव्हा हाताशी नव्हती.

पुढच्या चारच वर्षांत अशा एका औषधाचा पुरावा मुंबईतून जगासमोर आला. तो मांडणारे होते डॉ. रुस्तम जाल वकील.

1911 मध्ये मुंबईत जन्मलेले वकील लंडनमध्ये शिकले आणि नंतर परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोगाचे रुग्ण तपासू लागले. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पिढ्यानपिढ्या औषध म्हणून वापरात होतं. त्यानं ब्लड प्रेशर उतरतं, असं गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच लिहिलं होतं. पण परदेशात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. वकील यांनी 50 रुग्णांना या मुळाच्या गोळ्या दिल्या, आधीचं-नंतरचं प्रेशर मोजलं आणि 1949 मध्ये ते आकडे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. आता जगाला लक्ष द्यावंच लागलं.

1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं.

ते काम कसं करतं? मेंदूचा निरोप नसांमधून रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो तो नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनामार्फत. त्यामुळे वाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो. रेसरपिन नसांच्या टोकांमधला या रसायनाचा साठाच रिकामा करतं. वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो.

पण शरीरही गप्प बसत नाही. दाब उतरला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतात. म्हणूनच रेसरपिनसोबत लघवी वाढवणारी गोळी दिली जाऊ लागली. शिवाय मनःस्थितीशी संबंधित सेरोटोनिन आणि डोपामिनही रेसरपिनमुळे कमी होतात. मोठा डोस घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये नैराश्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पुढे कमी त्रासाची औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं.

वकील यांना 1957 मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. 1974 मध्ये त्यांचं निधन झालं. सर्पगंधा त्यांनी शोधली नव्हती. लोक जे सांगत होते ते त्यांनी मोजून दाखवलं, हे त्यांचं मोठेपण.

आणि हो, सर्पगंधा मनानं घेऊ नका. ब्लड प्रेशरची चालू गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.